कुप्याच्या मागे एक दिवस

मासेमारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे होड्या येतात, जाळी येतात, धक्क्यावरचा चिखल येतो आणि डोक्यावर पाटी घेऊन दारात येणारी मासेवाली येते. ज्यांचं पोट त्यावर चालतं त्यांचा तो धंदा. पण पदरचे पैसे मोजून, रजा काढून, रात्रभर बोटीत हेलकावे खाऊन, दिवसभर दंड दुखेपर्यंत मासे धरायला जाणारी माणसं असतात आणि त्यांच्यासाठी मुद्दाम बांधलेल्या मोठमोठ्या बोटी असतात, असं कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "काय बाई एकेकाचे शौक!" माझ्या थोरल्या नणंदबाईही गेली कित्येक वर्षं हेच म्हणत आल्या. फरक इतकाच, की त्यांच्या बाबतीत हा शौक घरातच नांदत होता.

वन्सं अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या अगदी दक्षिण टोकाला सॅन डिएगो शहरात राहतात. भाऊजी नोकरीनिमित्त तिथे गेले आणि सहकाऱ्यांच्या नादाने त्यांना समुद्रावर जायची गोडी लागली. वर्षातून दोन-तीनदा ते जायचे. दीड दिवसाच्या फेरीला माणशी चार-पाचशे डॉलर पडतात. त्यात गळाची काठी भाड्याने घ्या, परवाना काढा, खलाशांना बक्षिसी द्या. "तेवढ्या पैशांत वर्षभराचे मासे बाजारातून आणीन," हे वन्संचं म्हणणं. "बाजारात असा मासा मिळतच नाही," हे भाऊजींचं. मे महिन्याच्या सुटीत आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा हा वाद पुन्हा निघाला आणि वन्सं म्हणाल्या, "ठीक आहे, यंदा मी येते. वहिनीलाही घेते. बघू तरी काय सोनं सापडतं तिथे." हे मुलांपाशी घरी राहिले. (चार मुलं आणि एक कुत्रा दीड दिवस एकट्याने सांभाळले, हे त्यांच्या वतीने इथे नोंदवून ठेवते.)

मी रत्नागिरीकडची. गळाने मासे धरण्याला आमच्याकडे 'गरवणं' म्हणतात आणि खाडीच्या कडेला गरी टाकून बसलेले पुरुष मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण बायका मासे विकतात, सुकवतात, निवडतात. होडीत बसून खोल समुद्रात मात्र जात नाहीत. तेव्हा पहिल्यांदा समुद्रावर गेले ती सात समुद्रांपलीकडे जाऊन, ही गंमतच!

आधी त्या गावाची ओळख करून देते, म्हणजे पुढचं समजेल. आज सॅन डिएगो म्हटलं की नौदल आणि समुद्रकिनारे आठवतात. पण विसाव्या शतकात बरीच वर्षं हे गाव टूना माशाचं माहेरघर होतं. टूना म्हणजे आपला कुपा. पॉइंट लोमा नावाच्या भागात पोर्तुगीज कोळी येऊन राहिले. त्यांचे वंशज तिथे अजून आहेत. गोव्याला आलेल्या पोर्तुगिजांचे हे भाऊबंद असे मासे मारताना भेटतील, असं मला वाटलं नव्हतं. पुरुष लांबलांब जाऊन कुपा आणीत आणि तो डब्यात भरण्याच्या कारखान्यांत मुख्यतः बायका काम करीत. पोर्तुगीज, इटालियन, मेक्सिकन, जपानी अशा सगळ्या बायका. बोट लागली की भोंगा वाजायचा आणि बायका हातातलं काम टाकून निघायच्या. १९८०च्या दशकात ते मोठे कारखाने एकेक करून बंद झाले. पण लांब पल्ल्याच्या बोटी बांधण्याचं आणि चालवण्याचं ज्ञान गावात होतं. बिल पूल नावाच्या कप्तानाने आणि त्याच्या बरोबरीच्यांनी हौशी लोकांना दूरच्या पाण्यात नेणाऱ्या बोटी काढल्या आणि हा प्रकार रुजवला.

या बोटी साधारण ऐंशी ते सव्वाशे फूट लांब. हिवाळ्यात मेक्सिकोच्या किनाऱ्याने खाली दहा-दहा, सोळा-सोळा दिवसांच्या फेऱ्या करतात. तशा फेरीला हजारो डॉलर लागतात. त्या प्रवासात दोनशे पौंडांच्या वरचा, म्हणजे नव्वद किलोंहून जड पिवळ्या पराचा कुपा धरला तर त्याला ते लोक 'काऊ' म्हणतात, चक्क गाय! १९७७ साली हजारेक मैलांवरच्या सान बेनेदिक्तो बेटाजवळ एकाने ३८८ पौंडांचा, म्हणजे १७६ किलोंचा कुपा गळाने धरला आणि तो जागतिक विक्रम तीस वर्षांहून अधिक टिकला. आता तिथे कुणालाच मासे धरता येत नाहीत. २०१७ साली मेक्सिकोने ती बेटं आणि भोवतालचा समुद्र राष्ट्रीय उद्यान करून टाकला.

आमची फेरी दीड दिवसाची, अमेरिकेच्याच हद्दीतली. हे मुद्दाम ठरवलं होतं. कारण मेक्सिकोच्या पाण्यात गेलं की पारपत्र, त्यांचा वेगळा परवाना हे सगळं आलं आणि पाहुणे म्हणून गेलेल्यांनी व्हिशाचा घोळ कशाला ओढवून घ्या? कॅलिफोर्नियाचा परवाना मात्र सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतो. एक-दोन दिवसांपुरताही मिळतो.

संध्याकाळी धक्क्यावर पोचलो. माणसं पंचवीस, त्यांत बायका चार. आम्ही दोघी, एक सत्तरीच्या आजी आणि त्यांची नात. प्रत्येकाला एक नंबर मिळाला. तोच आपल्या बिछान्याचा आणि तोच आपल्या माशांचा. वन्संचा तेवीस, माझा चोवीस. वन्संच्या पिशवीतून केळी डोकावत होती. ती पाहून एका तरुण खलाशाचा चेहरा उतरला. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, मासा लागत नाही म्हणे! ती केळी धक्क्यावरच राहिली. मला हसू आलं. पण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय आपल्याकडे होड्या निघत नाहीत, मग हसायचं कुणाला?

बोट सुटली ती थेट समुद्रात गेली नाही. बंदरातच तरंगते पिंजरे आहेत, तिथे थांबली. त्या पिंजऱ्यांत जिवंत तारली असते. खलाशी रांगेने उभे राहिले आणि छोट्या जाळ्यांनी तारली उपसून बोटीवरच्या टाक्यांत ओतू लागले. पिंजऱ्यांच्या कडेवर पेलिकन पक्षी आणि लठ्ठ सी लायन आपला वाटा मिळायची वाट बघत बसलेले. टाकीत समुद्राचं पाणी सतत खेळतं ठेवतात, म्हणजे तारली दोन दिवस जिवंत राहते. आपण पावशेर तारली घेताना घासाघीस करतो आणि इथे मोठ्या माशाला भुलवण्यासाठी टाक्याच्या टाक्या भरत होत्या.

आता रात्रीची गोष्ट. बिछाने बोटीच्या पोटात, दोन दोन एकावर एक, पुढे पडदा. वन्संनी आधीच फोन करून आम्हा बायकांना एकत्र जागा मागून घेतली होती. मागितली तर देतात. पण त्याहून महत्त्वाची चौकशी वेगळी आहे. २ सप्टेंबर २०१९च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्याच सांताक्रूझ बेटाजवळ पाणबुड्या हौशी लोकांना नेणाऱ्या एका बोटीला आग लागली आणि खाली झोपलेले ३४ जण वर येऊ शकले नाहीत. रात्री जागं राहून गस्त घालणारं कुणी नव्हतं. म्हणून अशा कुठल्याही बोटीवर, मग ती आपल्याकडची असो की परदेशातली, झोपण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : बाहेर पडायची दुसरी वाट कुठली, रात्री जागं कोण राहणार आणि जीवरक्षक जाकिटं कुठे ठेवली आहेत. आमच्या कप्तानाने न विचारताच सगळं दाखवलं. दुसरी वाट म्हणजे एका वरच्या बिछान्यावरचं झाकण होतं. वन्संनी त्यातून डोकं बाहेर काढून पाहिल्याशिवाय अंग टेकलं नाही.

बोट लागणाऱ्यांनी औषध बोट सुटण्याआधीच घ्यावं. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. पोट अगदी रिकामं ठेवू नये, तेलकटही खाऊ नये. मळमळलं तर खाली जाऊन झोपण्यापेक्षा मागच्या बाजूला उघड्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघावं. मी आल्याच्या वड्या नेल्या होत्या. त्या अर्ध्या बोटीने संपवल्या.

पहाटे चारला दिवे लागले. आम्ही शंभरेक मैल पश्चिमेला आलो होतो. आजूबाजूला जमीन नाही, पण पाण्याखाली डोंगर आहेत. त्यांतला कोर्टेझ बँक नावाचा डोंगर इतका उंच आहे, की त्याचं टोक पाण्याखाली काही हातांवरच येतं. १९८५ साली अमेरिकेची 'एंटरप्राइझ' ही अणुशक्तीवरची विमानवाहू नौका या टोकाला घासली होती. खोल पाण्याचा प्रवाह अशा डोंगराला धडकतो, खालचं थंड, कसदार पाणी वर येतं, त्यावर बारीक जीव पोसतात, त्यांच्यामागे लहान मासे आणि लहानांच्या मागे मोठे. समुद्रात वाटेल तिथे मासा नसतो. आपण उगाच म्हणतो, समुद्रात काय कमी!

मे महिना म्हणजे ऊन, हा आपला समज. तिथे त्या दिवसांत सकाळी करडं आभाळ असतं आणि बोचरा वारा. स्वेटर, त्यावर रेनकोट, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, असा आमचा अवतार होता. स्वयंपाकी खाली अंडी आणि बटाटे परतत होता. बोटीवरचा स्वयंपाकी हा कप्तानाच्या खालोखाल मानाचा माणूस. पंचवीस माणसांचं तीन वेळचं जेवण तो एवढ्याशा हलत्या स्वयंपाकघरात करतो आणि भांडी घरंगळू नयेत म्हणून चुलीला कठडे असतात. त्याचा कट्टा इतका स्वच्छ होता, की मी मनातल्या मनात माझ्या कट्ट्याची माफी मागितली.

नंतरचे दोन तास काहीच झालं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण भाऊजींच्या गोष्टींत हे दोन तास कधी नसायचे. कप्तान वर काचेच्या खोलीत पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राकडे बघत होता, माणसं कॉफी पीत होती, आजी विणकाम करीत होत्या. वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "याला पाचशे डॉलर."

मग एकदम इंजिनाचा आवाज पडला आणि कर्ण्यावरून कप्तान ओरडला. खलाशांनी ओंजळ-ओंजळभर तारली पाण्यात फेकली. क्षणभर शांतता आणि मग पाणी उकळायला लागलं! दुसरा शब्द नाही. पाठी निळ्या-काळ्या, पोटं रुपेरी, बंदुकीच्या गोळ्यांसारखे मासे तारलीवर तुटून पडत होते. हा निळ्या पराचा कुपा, ब्लूफिन.

खलाशाने आम्हाला आदल्या रात्री शिकवून ठेवलं होतं. टाकीतली तारली निवडायची ती हिरव्या पाठीची, एकही खवला न गळलेली, हातात न येणारी. हात आधी ओला करायचा, दाबायचं नाही. गळ नाकाशी ओवायचा आणि हलकेच पाण्यात सोडायची. तारली आपणहून दूर पोहत गेली पाहिजे. थकलेली तारली कुपा खात नाही. म्हणजे बाजारात आपण बघतो तसंच तो बघतो! चक्रीवर अंगठा नुसता टेकवून ठेवायचा. दोर अचानक सुसाट सुटला की मनात थोडं मोजायचं, मग कळ पुढे ढकलायची. बस्. पुढे दोन नियम. मासा डावीकडे गेला तर आपणही डावीकडे जायचं, उजवीकडे गेला तर उजवीकडे, दुसऱ्यांच्या काठ्यांच्या खालून, वरून, वाट काढत. आणि दोर कधी सैल पडू द्यायचा नाही.

पहिल्या पाच मिनिटांत सहा-सात जणांना मासे लागले. माणसं एकमेकांच्या काखेखालून धावत होती, खलाशी ओरडत होते, दोर गुंतत होते आणि सुटत होते. गर्दीच्या वेळच्या एस.टी.त चढण्याचा सराव असलेल्या बाईला यात काही कठीण नाही. वन्संचा दोर सुटला तेव्हा त्या चक्क हसल्या. मग काठी वाकली आणि हसू थांबलं.

चाळीस मिनिटं. मी घड्याळ लावून पाहत होते. पहिल्या दमात मासा दोनेकशे हात दोर घेऊन गेला. वन्सं बोटीच्या शेपटाकडून नाकापर्यंत आणि नाकाकडून शेपटापर्यंत दोन फेऱ्या फिरल्या. हात थरथरायला लागले, काठी कठड्यावर टेकवून त्या दोर इंच-इंच गुंडाळत होत्या. जरा दोर आला की मासा पुन्हा खाली डुबायचा. कुप्याचं हे वैशिष्ट्य, थकला की तो बोटीखाली गोल-गोल फिरत राहतो आणि प्रत्येक फेऱ्याला आपल्याला वाटतं, आता आला. भाऊजी शेजारी उभे. तीनदा म्हणाले, "दे इकडे, मी धरतो थोडा वेळ." तिसऱ्यांदा वन्सं काठीवरची नजर न काढता म्हणाल्या, "हात लावायचा नाही." आंतरराष्ट्रीय नियमही तोच आहे. मासा लागल्यावर दुसऱ्याने काठीला हात लावला, तर तो मासा विक्रमाच्या नोंदीतून बाद. वन्संना विक्रमाशी देणंघेणं नव्हतं. पण त्यांच्या घरात त्या दिवसापर्यंत बरंच काही 'दे इकडे' म्हणून भाऊजींच्या हाती गेलं होतं, हे मला ठाऊक आहे. भाऊजी मग गप्प उभे राहिले आणि दर पाच मिनिटांनी पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावत राहिले.

शेवटी पाण्यात खोल एक फिकट चकाकी दिसली. दोन खलाशी लांब काठीचे आकडे घेऊन आले, एकाने डोक्यात, एकाने मागे अडकवला आणि मासा फळीवर आला. बासष्ट पौंड, म्हणजे अठ्ठावीस किलो. वन्संनी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलंही नाही. त्या माशापाशी खाली बसल्या. त्याच्या अंगावरचे रंग डोळ्यांदेखत विझत होते. "फार लढला बिचारा," एवढंच म्हणाल्या. मलाही तिथे भरून आलं, हे लपवत नाही. मी मासे खाणारी बाई आहे, रोज बाजारात मेलेला मासा बघते. पण तो मरताना बघणं वेगळं. याला 'खेळ' म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. मेलेला मासा छातीशी धरून फोटो काढायचे आणि सगळ्यांत जड कुणाचा यावर दहा-दहा डॉलरची पैज लावायची, हे तर मला मुळीच आवडलं नाही.

पण त्यानंतरच्या दोन मिनिटांत जे पाहिलं त्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

मासा फळीवर येताच खलाशाने त्याचे कल्ले कापले आणि रक्त पूर्ण वाहून जाऊ दिलं. कल्ल्याच्या झाकणाला तेवीस नंबरची पट्टी टोचली आणि मासा सरळ बोटीच्या पोटातल्या टाकीत सोडला. तिथे समुद्राचं पाणी यंत्राने गोठणबिंदूच्या आसपास गार करून खेळवलेलं असतं. ऊन नाही, माशी नाही, 'जरा थांब, फोटो काढू' नाही. फोटो काढायचा तर उद्या, धक्क्यावर! इतकी घाई का, ते मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, कुपा हा गरम अंगाचा मासा. बहुतेक माशांचं अंग पाण्याइतकंच थंड असतं. पण कुपा आपल्या स्नायूंतली ऊब धरून ठेवतो. त्यातून तो अर्धा तास झगडला, की आणखी तापतो. रक्त काढलं नाही आणि चटकन गार केला नाही, तर मांस आतून बिघडायला लागतं.

मैत्रिणींनो, हे आपल्या स्वयंपाकघराशी थेट जोडलेलं आहे. कुपा, गेदर, बांगडा, सुरमई हे सगळे एकाच कुळातले. हे मासे उबेत राहिले तर त्यांच्या मांसात जंतूंमुळे हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. एकदा तयार झालं की ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीजमध्ये ठेवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळात, फार तर तासा-दोन तासांत, तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छाती धडधडते. आपण म्हणतो, 'मासे बाधले', 'हिला बांगडा चालत नाही.' पुष्कळदा दोष त्या बाईच्या प्रकृतीत नसतो, दुपारच्या उन्हात बर्फाशिवाय पडलेल्या पाटीत असतो. अशा माशाला वास येईलच असं नाही. जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर मात्र घास टाकून द्यावा, पैशांचा विचार करू नये. आणि त्रास वाढला, श्वास जड झाला तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

म्हणून हे मासे घ्यायचे तर सकाळी घ्यावेत आणि बर्फातले घ्यावेत. घरी येईपर्यंत वाटेत भाजी, किराणा, शेजारणीशी गप्पा, हे सगळं माशाआधी उरकावं. मी आता बाजारात झाकणाचा डबा आणि थोडा बर्फ घेऊन जाते. मासेवाली हसते; हसू दे. घरी आल्यावर नुसत्या बर्फावर ठेवण्यापेक्षा बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ यांत मासा बुडवून ठेवला तर तो फार लवकर गार होतो, कारण पाणी सगळीकडून भिडतं. बोटीवरच्या टाकीचं तत्त्व तेच. आणि दिवे जाऊन फ्रीजरमधला मासा वितळला, तर तो पुन्हा गोठवायच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी, गार असतानाच शिजवून टाकावा. फार वेळ उबेत राहिला असेल तर फेकावा.

दुपारी मलाही एक मासा लागला. हातभर लांब, पाठीवर तिरके पट्टे, बोनिटो. आपल्या गेदरचा सख्खा चुलतभाऊ. खलाशी तो परत सोडायला निघाला. तिथे कुणाला त्याचं मोल नाही. मी म्हटलं, "अहो, ठेवा तो! रक्त काढा आणि ठेवा." चोवीस नंबरची पट्टी लागलेला तो पहिला आणि शेवटचा मासा.

संध्याकाळपर्यंत बोटीवर वीसेक कुपे आले. किती धरायचे याला मर्यादा आहे. या निळ्या पराच्या कुप्याची गोष्ट तुम्हांला आवडेल. तो अंडी घालतो पॅसिफिकच्या पश्चिमेला, जपान-तैवानच्या बाजूला. पिल्लं वर्ष-दोन वर्षांची झाली की त्यांतली काही अख्खा महासागर ओलांडून कॅलिफोर्निया-मेक्सिकोकडे येतात, तिथे खाऊनपिऊन मोठी होतात आणि वीण घालायला परत तिकडेच जातात. बाळंतपणाला माहेरी! पण जाळ्यांनी इतका उपसा झाला, की दहा-पंधरा वर्षांपूर्वी हा मासा मूळच्या अवघ्या काही टक्क्यांवर आला होता. मग देशोदेशींनी कोटे कमी केले आणि २०१५ साली कॅलिफोर्नियात हौशी माणसाची दिवसाची मर्यादा दहावरून दोनवर आणली. २०२४च्या पाहणीत दिसलं, की ठरवलेलं उद्दिष्ट अपेक्षेपेक्षा दहा वर्षं आधी गाठलं गेलं. पावसाळ्यात आपल्याकडे होड्या बंद असतात तेव्हा 'मासे महाग झाले' म्हणून आपण कुरकुरतो. त्या वेळी मला यापुढे हा आकडा आठवेल.

आणखी एक. कुपा जितका मोठा आणि जुना, तितका त्याच्या अंगात पारा जास्त साठलेला. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी मोठा कुपा टाळलेला बरा. त्यांच्यासाठी सगळ्यांत चांगला मासा म्हणजे लहान, थोडं आयुष्य जगणारा : तारली, मांदेली. म्हणजे दिवसभर आम्ही ज्या टाकीतून मूठमूठ काढून फेकत होतो तीच! वन्सं म्हणाल्या, "बाळंतिणीचं जेवण आमिषाच्या टाकीत आणि भाव मात्र दुसऱ्यालाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला धक्क्याला लागलो. नंबर पुकारून मासे गाड्यांवर ठेवले. पैज एका निवृत्त पोस्टमनने जिंकली, ८४ पौंड. खलाशांना भाड्याच्या पंधरा-वीस टक्के बक्षिसी द्यायची रीत आहे. ती भाऊजींनी हात आखडता न घेता दिली आणि या वेळी वन्संनी काही म्हटलं नाही. हौसेने धरलेला मासा विकायला कायद्याने बंदी आहे, म्हणजे सगळा घरी न्यायचा. धक्क्याजवळच साफ करून, तुकडे करून, हवाबंद पिशव्यांत भरून देणारी दुकानं आहेत. ते दर पौंडाला पैसे घेतात. पूर्वी भाऊजी पैसे वाचवायला मासा अख्खाच घरी आणायचे आणि मग रात्री अकराला सुरी घेऊन कोण उभं राहायचं, ते तुम्ही ओळखलंच असेल. वन्संनी मासा सरळ दुकानात दिला. "पाचशे डॉलर घातले तिथे आणखी थोडे. माझं काम धरण्याचं होतं, ते मी केलं."

हिशेब मात्र त्यांनी केलाच. डोकं, काटे, कातडी जाऊन निम्म्याहून थोडं जास्त मांस मिळालं. तिघांचं भाडं, परवाने, बक्षिसी धरून तो कुपा बाजारभावाच्या कितीतरी पट महाग पडला. कागद त्यांनी भाऊजींपुढे ठेवला. भाऊजींनी वाचला आणि म्हणाले, "मग यापुढे वर्षातून एकदाच." तीन-चार घरांना वाटे गेले, उरलेल्या पिशव्यांवर मराठीत तारखा लिहून फ्रीजर भरला.

माझ्या बोनिटोचं मी तिखलं केलं. आमसुलं, हळद, लाल तिखट आणि रत्नागिरीहून नेलेली तिरफळं, थोडीशी ठेचून. तेल वरून, कच्चंच. मासा काळपट, तांबड्या मांसाचा, त्याला हेच मानवतं. भाऊजींनी दोनदा भात घेतला आणि म्हणाले, "हा मासा आम्ही इतकी वर्षं सोडून देत होतो?"

वन्संच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लागलेलं असतं. आम्ही निघालो त्या दिवशी पाहिलं, तर पुढल्या वर्षीच्या कोऱ्या पानाची जागा म्हणून शेवटच्या पानावर त्यांनी लाल पेनाने लिहून ठेवलं होतं : 'बोट, दोन तिकिटं. केळी नकोत.' मुलांकडे कोण बघणार, ते मात्र अजून ठरायचं आहे.